व्याज चढतंय आणि आपण जमीन विकतोय: काळजी हवामान बदलाची करायची की अधिवासाच्या नाशाची?

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं. इथे 1979 मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. आजही त्या माळावर लांडगे आहेत, काळविटं आहेत, गवतात चंडोल आहेत. पण ज्याच्या नावाने अभयारण्य झालं तो माळढोक तिथे दिसला, तर आता त्याची वर्तमानपत्रात बातमी येते.

याच पक्ष्यावरून देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेली काही वर्षं एक खटला चालला. राजस्थान आणि गुजरातच्या माळरानांवर सौर आणि पवनऊर्जेचे मोठमोठे प्रकल्प उभे राहिले. तिथली वीज वाहून नेणाऱ्या तारांना धडकून माळढोक मरू लागले. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते निवृत्त सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह न्यायालयात गेले. एप्रिल 2021 मध्ये आदेश झाला: जवळपास 99 हजार चौरस किलोमीटरच्या टापूत शक्य तिथे तारा जमिनीखालून न्या, आणि तोवर त्यांच्यावर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावा. सरकारचं म्हणणं पडलं की एवढ्या टापूत उच्च दाबाच्या तारा पुरणं शक्य नाही, आणि तसा हट्ट धरला तर कोळसा सोडून सूर्याकडे वळायचं देशाचं वचनच अडकून पडेल. मार्च 2024 मध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश मागे घेतला आणि तज्ज्ञ समिती नेमली. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 14 आणि 21 मध्येच आहे, हेही त्याच निकालात मान्य केलं. डिसेंबर 2025 मध्ये समितीच्या शिफारशी स्वीकारल्या गेल्या आणि माळढोकासाठी राजस्थानात सुमारे 14 हजार, तर गुजरातेत 740 चौरस किलोमीटरचं प्राधान्यक्षेत्र ठरलं.

एका पारड्यात हवामान, दुसऱ्यात एका पक्ष्याचं घर. हे वाचून अनेकांनी विचारलं, आता यातलं मोठं संकट कोणतं? आम्ही जास्त काळजी करायची तरी कशाची?

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. दोन्ही संकटं खरी आहेत. पण आज, आपल्या डोळ्यांसमोर, जीवसृष्टीचं जास्त नुकसान घरं मोडल्यामुळे होतंय, आणि त्याबद्दलची आपली काळजी फार तोकडी आहे. ती वाढायला हवी. असं का म्हणते, ते पायापासून सांगते.

## आधी दोन शब्द

अधिवास म्हणजे एखाद्या जिवाचं घर, पण नुसतं छप्पर नव्हे. खाणं, पाणी, जोडीदार, पिलं वाढवायला सुरक्षित जागा आणि शत्रूपासून आडोसा हे सगळं जिथे एकत्र मिळतं ती जागा. माळढोकासाठी आडोसा म्हणजे उघडा माळ. नर माळढोक पंधरा किलोपर्यंत भरतो. एवढ्या जड पक्ष्याला झाडावर बसायचं नसतं, त्याला दूरवरचं दिसायला हवं असतं. मादी साधारणपणे वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्या जमिनीवर नांगर फिरला, खाण लागली, वसाहत झाली किंवा दाट झाडं लावली गेली, की अधिवास गेला.

हवामान बदल म्हणजे एखाद्या वर्षीचा कडक उन्हाळा नव्हे. कोळसा, तेल, वायू जाळून आणि जंगलं तोडून आपण हवेत कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्यासारखे उष्णता अडवणारे वायू सोडतो. कारखानदारीच्या आधी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 भाग होते, आता 420 च्या वर गेलेत. पांघरूण जाड झालं. 2024 हे साल त्या जुन्या काळापेक्षा सरासरी दीड अंशाहून अधिक गरम गेलं. दीड अंश ऐकायला थोडा वाटतो. पण अंगाचं तापमान दीड अंश सेल्सियसने वाढलं तर आपण कामावर जात नाही, अंथरुणात पडतो.

## आत्ता जास्त नुकसान कशाने होतंय?

हे मोजण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. जैवविविधतेचा आढावा घेणारं एक आंतरसरकारी व्यासपीठ आहे, आयपीबेस नावाचं. हवामान बदलाच्या विज्ञानाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची जशी आयपीसीसी, तशी जीवसृष्टीसाठी ही संस्था. तिच्या अहवालानुसार सुमारे दहा लाख प्रजातींवर नष्ट होण्याचं सावट आहे. त्या अहवालाने कारणांची क्रमवारीही लावली. जमिनीवर पहिला क्रमांक जमिनीचा वापर बदलण्याचा, म्हणजेच अधिवास मोडण्याचा. दुसरा शिकार, मासेमारी, तोड अशा थेट ओरबाडण्याचा. हवामान बदल तिसरा. मग प्रदूषण, आणि शेवटी बाहेरून आलेल्या आक्रमक प्रजाती. समुद्रात मात्र पहिला क्रमांक अति मासेमारीचा.

ही क्रमवारी मी कोणाला सांगितली की समोरचा माणूस चमकतो. बहुतेकांच्या डोक्यात हवामान बदलच पहिला असतो.

माळढोकाचंच बघा. त्याच्या जुन्या पसाऱ्यापैकी सुमारे 90 टक्के भागातून तो गेला आहे आणि आता जेमतेम दीडशेच्या आत उरला आहे. त्याला उन्हाने मारलं नाही. आधी बंदुकीने मारलं. मग माळ नांगरले गेले, कालवे आले. सोलापुरात ज्वारी-करडईच्या कोरडवाहू शेताशी त्याचं बरं जमत असे. पीक उंचीने बेताचं, कीटक भरपूर, आणि वर्षातला मोठा काळ शेत मोकळं. त्या शेतांच्या जागी ऊस उभा राहिला तेव्हा माळढोकाला उसात शिरायला वाटच नव्हती. त्यानंतर मोकाट कुत्री आली आणि शेवटी तारा. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं कमी दिसतं, आणि एवढं जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. यात हवामान बदल कुठे आलाच, तर तो शेवटच्या पायरीवर, आणि तोही रोग म्हणून नाही. त्या रोगावरचं औषध म्हणून आला. सूर्याची वीज वाहून नेणारी तार ती हीच.

## वाटण्या झालेला वाडा

अधिवासाचा नाश म्हटलं की डोळ्यांसमोर उघडाबोडका डोंगर येतो. पण मोठं नुकसान अनेकदा तुकडे पडल्यामुळे होतं, आणि ते नकाशावर पटकन दिसत नाही.

जुन्या वाड्याच्या वाटण्या आठवा. चार भावांत वाडा विभागला, मधे भिंती उभ्या राहिल्या. चौरस फूट मोजले तर वाडा जवळजवळ तेवढाच. पण विहीर एकाच्या वाट्याला, चूल दुसऱ्याच्या, देवघर तिसऱ्याच्या आणि रस्त्याचा दरवाजा चौथ्याच्या. घर आहे, पण राहता कोणालाच येत नाही. जंगलातून महामार्ग, कालवा, रेल्वे किंवा कुंपण गेलं की हेच होतं. पाणवठा एका बाजूला आणि चराई दुसऱ्या बाजूला. जोडीदार तर कुठे राहिला त्याचा पत्ताच नाही. उरलेल्या तुकड्यात थोडे प्राणी काही वर्षं दिसत राहतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. प्रत्यक्षात तिथे म्हातारे उरलेले असतात, नवी पिढी येत नसते.

शास्त्रज्ञ एक ढोबळ नियम वापरतात. एखादा अधिवास 90 टक्क्यांनी आटला की त्यातल्या साधारण निम्म्या प्रजाती कायमच्या जाण्याच्या वाटेला लागतात. सगळ्या लगेच जात नाहीत. काही दशकं घेतात. आपण आज जी शांतता बघतो ती बऱ्याचदा या मधल्या काळाची असते.

## मग बोलबाला हवामान बदलाचाच का?

एक कारण सरळ आहे: तो माणसाला थेट भिडतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी झोपल्या. पोफळ पुन्हा फळाला यायला किती वर्षं लागतात ते बागायतदाराला विचारा. मध्य भारतातल्या पावसाच्या नोंदींचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात 1950 पासून 2015 पर्यंत मोठ्या पट्ट्यावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचं दिसलं. ही भीती खोटी नाही, आणि हा लेख ती कमी करायला लिहिलेला नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हवामान बदलाला एक आकडा आहे, तापमानवाढ त्यापलीकडे जाऊ नये म्हणून जगाने ठरवलेला. दीड अंश. एक वायू आहे, एक मापपट्टी आहे. सोलापुरात सोडलेला टनभर कार्बन आणि शिकागोत सोडलेला टनभर कार्बन, दोन्हींचा परिणाम सारखा. म्हणून त्यावर जगाची बैठक बसवता येते, करार करता येतो, मथळा देता येतो. अधिवासाला असा आकडा नाही. नान्नजचा माळ गेला आणि बदल्यात ताडोबात तेवढीच हेक्टरं राखली, तर हिशेब जुळत नाही, कारण माळढोक ताडोबात राहू शकत नाही. प्रत्येक जागा वेगळी, तिथली माणसं वेगळी, भांडण वेगळं. अशा गोष्टीचा मथळा होत नाही, ती तालुक्याच्या पानावरच्या एका चौकटीत संपते.

हा फरक मोजलाही गेलाय. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांच्या 1991 ते 2016 या काळातल्या बातम्या तपासणारा अभ्यास 2018 मध्ये आला. हवामान बदलाला जैवविविधतेपेक्षा आठपटीपर्यंत जास्त जागा मिळाल्याचं त्यात दिसलं. गंमत वाटण्यासारखी नाही, दुःख वाटण्यासारखी गोष्ट ही, की दोन्ही विषयांचे जागतिक करार एकाच वर्षी, 1992 च्या रिओ परिषदेत सह्यांसाठी खुले झाले. पॅरिस करार आणि दीड अंश आता शाळकरी मुलांना माहीत आहे. डिसेंबर 2022 मध्ये मॉन्ट्रियलला जगाने 2030 पर्यंत 30 टक्के जमीन आणि 30 टक्के समुद्र राखायचं ठरवलं, हे किती जणांना ठाऊक आहे?

## व्याज आणि जमीन

या दोन संकटांचं नातं मला असं समजतं.

एका शेतकऱ्यावर सावकाराचं कर्ज आहे. व्याज चढतंय. पहिल्या वर्षी जाणवत नाही, पाचव्या वर्षी बोचतं, पंधराव्या वर्षी घर गिळतं. हवामान बदल हे असं चढतं व्याज आहे. आज तो तिसऱ्या क्रमांकावर असला तरी तिथेच थांबणार नाही, तापमान वाढत गेलं तर या शतकात वर चढत जाईल.

अधिवास मोडणं म्हणजे त्याच शेतकऱ्याने दर वर्षी एकर-दोन एकर जमीन विकत जाणं. विकलेलं शेत त्याच दिवशी जातं, त्याला पंधरा वर्षं लागत नाहीत. आणि खरा घात पुढे आहे: ज्या जमिनीच्या उत्पन्नातून व्याज फेडायचं तीच तो विकतोय. आपण हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यातला जवळपास 30 टक्के जमिनीवरची झाडं, गवत आणि माती शोषून घेतात. जंगल तोडलं, पाणथळ बुजवली, माळ नांगरला की शोषणारा गेला आणि त्याने साठवलेलं हवेत गेलं. शेती, जंगलतोड आणि जमिनीचे बाकीचे वापर मिळून माणसाच्या एकूण उत्सर्जनातला साधारण पाचवा हिस्सा तिथूनच येतो. म्हणून जमीन विकणं थांबवणं म्हणजे एका परीने व्याजावरही इलाज करणं. उलट बाजूने मात्र तसं होईलच असं नाही. व्याज फेडायचं म्हणून जमीन विकता येते. राजस्थानातल्या तारांची गोष्ट तीच आहे.

## "पण हवामानच बिघडलं तर राखलेल्या जंगलाचा उपयोग काय?"

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. काही जिवांच्या बाबतीत तो शंभर टक्के खराही आहे. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर कोणी नांगर फिरवला नाही, तरी 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये समुद्र तापला आणि ते पांढरे पडले. आयपीसीसीच्या 2018 च्या अहवालानुसार तापमानवाढ (एका वर्षाची नव्हे, बऱ्याच वर्षांच्या सरासरीची) दीड अंशावर थांबली तर जगातले 70 ते 90 टक्के प्रवाळ जातील, दोन अंशांवर गेली तर जवळपास सगळेच. तिथे कुंपण घालून काही वाचत नाही. ऑस्ट्रेलियाच्या टोकाला ब्रॅम्बल के नावाच्या इवल्याशा बेटावर एक उंदरासारखा प्राणी होता, मेलोमिस. समुद्र चढला, बेटावरची झाडी खारवली, आणि 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाने तो नष्ट झाल्याचं जाहीर केलं. हवामान बदलाने संपवलेला हा पहिला सस्तन प्राणी मानतात.

पण बाकीच्या बहुसंख्य जिवांचं काय? हवामान तापलं की ते जागा बदलतात. समुद्रसपाटीपासून वर चढत गेलं की दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश गारवा वाढतो. म्हणजे एका अंशाची वाढ टाळायची तर प्राण्या-वनस्पतींना सुमारे दीडशे मीटर वर सरकावं लागतं. ही एसटीची गाडी समजा. वरच्या गावाला जायचंय, प्रवास पिढ्यान् पिढ्यांचा आहे. वाटेत थांबे हवेत, जिथे खायला मिळेल, पिलं होतील. अधिवास मोडणं म्हणजे मधले थांबे उखडणं. मग गाडी सुटली तरी पोचत नाही. म्हणजे हवामान बदलात तगून राहण्यासाठी अधिवास जास्तच लागतो, कमी नाही.

आपल्या सह्याद्रीत आणखी अडचण आहे. आपला सर्वांत उंच माथा कळसूबाई, 1,646 मीटर. हिमालयासारखं वर सरकत राहायला इथे जागाच नाही. 2009 मध्ये शास्त्राला नव्याने ओळख झालेला आंबोलीचा एक भेक फक्त त्या परिसरातल्या कातळांवर राहतो. पाऊस पडला की उथळ डबक्यांत त्याची अंडी. त्याला वर जायला डोंगर नाही आणि बाजूला जायला तसा कातळ नाही. त्याच्यासाठी एकच गोष्ट आज आपल्या हातात आहे: तो कातळ जसा आहे तसा राहू देणं.

किनाऱ्यावरची कांदळवनं बघा. समुद्र चढला की कांदळ हळूहळू जमिनीच्या बाजूला सरकतं, हजारो वर्षं हेच करत आलंय. पण मागे रस्ता असेल, भिंत असेल, भराव घालून बांधलेली वसाहत असेल तर पुढून पाणी आणि मागून काँक्रीट यांत ते चिरडतं. महाराष्ट्राने 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. मान चांगला, पण चिप्पीला मागे सरकायला जागा लागते.

आणि माणसांचंही वेगळं नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसात कोणतंही शहर बुडेल, हे मान्य. पण मिठी नदीचं पात्र आवळलेलं होतं, काठची कांदळवनं आणि खाजणं भरावाखाली गेली होती, हेही तितकंच खरं. आभाळातून येणारं पाणी आपण एका शहराच्या ठरावाने थांबवू शकत नाही. त्याला पसरायला जागा ठेवायची की नाही, हे मात्र शहरच ठरवतं.

## "माळ तर पडीकच आहे. तिथे पॅनल किंवा झाडं लावली तर बिघडलं कुठे?"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं मूळ कुठे आहे ते शोधावंसं वाटलं. मूळ सातबाऱ्यात आहे. जिथे पीक येत नाही ती जमीन सरकारदरबारी पोटखराबा. इंग्रजांच्या महसुली हिशेबात ज्या जमिनीचा शेतसारा येत नाही ती वाया गेलेली जमीन, आणि आपण तो शब्द तसाच पुढे चालवला. सोलापूर, पुणे, अहिल्यानगरची माळरानं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे कातळसडे अशा नोंदींखाली दबले आहेत. त्याच सड्यांवर पावसाळ्यात अशी रानफुलं येतात जी जगात दुसरीकडे नाहीत, आणि त्याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं कोरलेली आहेत. माळावर लांडग्याची बिळं आहेत, खोकड आहे, तणमोर आहे. धनगरांच्या मेंढ्या पिढ्यान् पिढ्या तिथेच चरत आल्या. ही जमीन कोणाच्याच उपयोगाची नाही असं म्हणायचं तर आधी त्या धनगराला माणसांत धरायचं सोडावं लागेल.

झाडं लावण्याबद्दल बोलताना मला नेहमी अवघड जातं, कारण झाड लावणाऱ्याचा हेतू चांगला असतो. 2019 च्या पावसाळ्यात राज्याने 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं, शाळकरी पोरांनी हौसेने खड्डे खणले. पण माळ म्हणजे झाडं तोडून उरलेलं जंगल नव्हे. कमी पावसात, उथळ मातीवर गवतच टिकतं, आणि ते गवत मुळांवाटे जमिनीखाली कार्बन साठवतं, जिथे वणवाही पोचत नाही. तिथे दाट झाडी उभी केली की गवत सावलीत मरतं आणि शिकारी पक्ष्यांना, कावळ्यांना टेहळणीचे खांब मिळतात. जमिनीवर अंडं घालणाऱ्या पक्ष्याचा मग निभाव लागत नाही. खुद्द नान्नजच्या माळावर एके काळी गिरिपुष्प नावाच्या झाडाची लागवड झाली. 2021 मध्ये आयपीसीसी आणि आयपीबेसच्या शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा एकत्र बसून अहवाल दिला, त्यात हेच बजावलं: जिथे पूर्वी जंगल नव्हतं अशा गवताळ प्रदेशात झाडं लावणं हा हवामानावरचा उपाय म्हणून घातक ठरू शकतो.

सौरऊर्जेला माझा विरोध नाही. 2030 पर्यंत जीवाश्म इंधनाविना 500 गिगावॉट वीजक्षमतेचं देशाचं उद्दिष्ट गाठलंच पाहिजे. प्रश्न जागेचा आहे. घरांची आणि गोदामांची छपरं आहेत, कालव्यांचे माथे आहेत, खाणी संपून उरलेली जमीन आहे, कारखान्यांच्या वसाहती आहेत. तिथे खर्च थोडा जास्त येतो, हे खरं. माळावर स्वस्त पडतं, कारण माळाची किंमत आपण शून्य धरलेली असते.

## "प्रजाती तर नेहमीच नष्ट होत आल्यात"

होत आल्या, पण एवढ्या घाईने नाही. आयपीबेसच्याच अहवालानुसार आजचा वेग गेल्या एक कोटी वर्षांच्या सरासरीपेक्षा निदान दहापट ते शेकडोपट आहे. म्हातारपणी माणूस जातो म्हणून कोणी तरण्याताठ्या मृत्यूंची साथ दुर्लक्षत नाही.

## "म्हणजे शेतकऱ्याने उपाशी राहून पक्षी सांभाळायचा?"

नाही. आणि इथे निसर्गप्रेमींनीही आपली चूक मान्य केली पाहिजे. नान्नजचं अभयारण्य सुरुवातीला जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटरवर जाहीर झालं. त्यात गावंच्या गावं, शेतंच्या शेतं आली. जमिनीचे व्यवहार अडले, बांधकामाला परवानग्या मिळेनात. मुलीच्या लग्नासाठी अर्धा एकर विकू पाहणाऱ्या माणसाला माळढोक हा सातबारा अडवून बसलेला पक्षी वाटू लागला, तर त्यात त्याचा काय दोष? पुढे क्षेत्र सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं. तोवर माळढोकाने लोकांचं प्रेम गमावलं होतं, आणि प्रेम गेलेला पक्षी कुंपणाने वाचत नाही.

ज्वारी परवडली असती तर किती तरी शेतं उसाकडे गेली नसती. मालदांडी ज्वारीला नीट भाव, मेंढपाळाच्या चराईला हक्काची जागा, माळ राखणाऱ्या गावाला त्याचा मोबदला: हे पक्षी वाचवण्याचेच उपाय आहेत, फक्त ते वनखात्याच्या फायलीत सापडत नाहीत.

## मग मी काळजी कशाची करू?

काळजी ही काही अमर्याद गोष्ट नाही. पोरांच्या फिया, आईचं औषधपाणी, नोकरी यांतून जी उरते ती जगासाठी. म्हणून ती कुठे खर्चायची हे विचारणं रास्त आहे.

हवामान बदलाचा मोठा निकाल मोठ्या राजधान्यांत, मोठ्या कंपन्यांत लागतो. तुम्ही-मी वीज जपून वापरावी, मत देताना त्याचा विचार करावा, आणि ते करायलाच हवं. अधिवासाचा निकाल मात्र जवळ लागतो. गायरान कोणाला द्यायचं याचा ठराव ग्रामसभेत येतो. ओढ्यात भराव पडतो तो आपल्या रोजच्या रस्त्यावरून दिसतो. विकास आराखड्यात पाणथळीवर निवासी पट्टा दाखवला असेल तर हरकती मागवल्या जातात, त्याला मुदत असते आणि बहुतेकदा त्या मुदतीत चार-दोनच हरकती येतात. कांदळ तोडलेलं दिसलं तर तक्रार करता येते, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे तिला वजन आहे. म्हणून मी म्हणते, काळजीचा पुढचा घास अधिवासाच्या पानात वाढा. तिथे आपली पंगत रिकामी आहे.

राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा इथे माळढोकांची प्रजनन केंद्रं आहेत. रानातून अंडी आणून उबवली, पिलं हाताने वाढवली, आणि आता त्या पक्ष्यांनाही पिलं होतायत. 2024 मध्ये तर कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मलं. माणसाने एवढी माया लावून पक्षी वाढवलेला पाहिला की ऊर भरून येतो. ही पिलं एक ना एक दिवस मोकळी सोडायची आहेत. त्या दिवशी त्यांना मैलोन् मैल सपाट गवत लागेल, ज्याच्यावरून तार गेलेली नाही.